अर्धी बाही

माझी पुतणी गोष्टी लिहिते. मोबाइलवर. त्या किती लोक वाचतात हे ती मला अधूनमधून सांगते. तो आकडा खरा असेल तर या शहरात दुसरं काही कुणी करतच नसावं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिघं गॅलरीत बसलो होतो. ती, तिचा एक दाढीवाला मित्र आणि मी. बोलता बोलता ती म्हणाली, "काका, माझी पात्रं हल्ली माझं ऐकतच नाहीत. मी एक ठरवते, ती भलतंच करतात. त्यांना स्वतःचं आयुष्यच आलंय."

दाढीवाल्यानं मान डोलावली. "माझंही तसंच. मी नुसता त्यांच्या मागे मागे जातो."

मी छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली. पुस्तक छापायला जाण्याआधी त्याचे कागद वाचायचे आणि चुका काढायच्या, हे माझं काम. या छत्तीस वर्षांत हे वाक्य मी पुष्कळ लेखकांच्या तोंडून ऐकलं, आणि बहुतेक वेळा ते आळशी माणसाच्या तोंडून ऐकलं. लेखकाचं न ऐकणारी ही पात्रं उठून कधी कुणाची भांडी घासत नाहीत. आजाऱ्यापाशी रात्र काढत नाहीत. ती फक्त प्रेमात पडतात.

हे मी बोलून दाखवलं.

"तुम्हाला नाही कळणार ते," पुतणी म्हणाली. "तुम्ही आयुष्यभर स्वल्पविराम बघितलेत."

"बरं. मग एका स्वल्पविरामवाल्याचीच गोष्ट ऐका. माझ्या ओळखीचा माणूस. घडलेली आहे. गेल्या वर्षीची एकोणीस नोव्हेंबर, बुधवार. रात्री पावणेअकरा ते साडेअकरा. एवढाच वेळ."

"भुताची का?" दाढीवाल्यानं हसत विचारलं.

"ते तू ठरव," मी म्हणालो, आणि सांगायला लागलो.

आमच्या प्रकाशनाचा एक टायपिस्ट होता. बावीस वर्षं त्यानं एकाच कादंबरीकाराची पुस्तकं टाइप केली. त्या कादंबरीकारांना मी मनातल्या मनात लेखकमहाशय म्हणतो. तोंडावर सर म्हणायचो. महाशय स्वतःच्या हातानं लिहीत नसत. खोलीत येरझाऱ्या घालत सांगायचे आणि टायपिस्ट संगणकावर उतरवून घ्यायचा. रोज संध्याकाळी सात ते साडेनऊ, महाशयांच्या घरी.

महाशय कुठल्याही सभेत उभे राहिले की एक वाक्य ठरलेलं. "मी लिहीत नाही. पात्रं माझ्याकडून लिहवून घेतात." टाळ्या. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "माझ्या नायिकेनं माझं ऐकलं असतं तर आज ती जिवंत असती." पुन्हा टाळ्या. टायपिस्टला ही वाक्यं इतकी पाठ झाली होती की महाशय अडखळले तर तो पहिल्या रांगेतून ओठ हलवून दाखवायचा.

घर दुसऱ्या मजल्यावर. दाराबाहेर पॅसेजमध्ये एक लाकडी बाक. येईल त्यानं आधी तिथं बसायचं. आत महाशय रिकामेच असायचे, पण बाहेरच्यानं पंधरा मिनिटं वाट पाहिलीच पाहिजे. त्या बाकाला पाठ नव्हती. मी तिथं पुष्कळ बसलोय, म्हणून सांगतो. घरात महाशय आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच. तिला सगळे ताई म्हणायचे. ताईंनी भावाचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्या घरात शहाणी तेवढीच.

टायपिस्टची बायको दोन वर्षं आजारी होती. दर मंगळवारी हॉस्पिटल. तिला बाकावर बसवायचं, "बस, मी आलोच," म्हणायचं आणि केसपेपर काढायला रांगेत उभं राहायचं. ती विणत बसायची. नवऱ्यासाठी स्वेटर. टाके मोजताना ती कुणाशी बोलत नसे. मध्येच कुणी बोललं तर डाव्या हाताचं बोट वर करायची. थांबा. ओळ संपली की बोट खाली. मग म्हणायची, "हं, बोला."

एकदा महाशयांनी टायपिस्टला विचारलं, "काय रे, घरी कसं आहे?" बावीस वर्षांत पहिल्यांदा. याला इतकं बरं वाटलं की यानं सगळं सांगितलं. बाक, लोकर, बोट. थोडा रडलासुद्धा. महाशय शांतपणे ऐकत होते. त्यांचं सहावं प्रकरण आठ दिवस अडून बसलं होतं, हे याला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी सहावं प्रकरण सुरू झालं. कादंबरीची नायिका श्रीमंत बाई. तिच्या गाडीवर एक ड्रायव्हर. त्या ड्रायव्हरची बायको आजारी, हॉस्पिटलच्या बाकावर बाही विणत बसलेली. टाके मोजताना डावं बोट वर करणारी. "बस, मी आलोच," म्हणून ड्रायव्हर रिपोर्ट आणायला जातो. तेवढ्यात फोन वाजतो. बाईसाहेबांना गाडी हवीय, आत्ताच्या आत्ता. ड्रायव्हर पळत सुटतो. प्रकरण संपलं.

टायपिस्टनं ते टाइप केलं. काही बोलला नाही. उलट आपलं दुःख एवढ्या मोठ्या माणसाच्या उपयोगी पडलं म्हणून त्याला जरा अभिमानच वाटला. असा मूर्ख माणूस.

पुढं सत्तावीस प्रकरणं. नायिका समुद्रावर गेली, डोंगरावर गेली, दोनदा प्रेमात पडली, एकदा कोर्टात गेली. कथेत वर्ष उलटलं. सगळीकडे ड्रायव्हर हजर. गाडीचं दार उघडतो, छत्री धरतो, एकोणिसाव्या प्रकरणात तर विनोदही करतो. पण हॉस्पिटलमध्ये परत काही गेला नाही.

"म्हणजे बायकोला सोडून दिलं त्यानं?" दाढीवाल्यानं विचारलं.

"छे. तेवढं तरी सुचायला हवं होतं. लेखक विसरला. गाडी लागते म्हणून ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हरची बायको कुणाला लागते?"

 पुतणीनं मोबाइल पालथा घातला.

नववं प्रकरण चालू असताना टायपिस्टच्या बायकोला हॉस्पिटलात ठेवलं होतं. डिसेंबर महिना. संध्याकाळी साडेसहाला यानं तिला सांगितलं, "मी आलोच." आणि कामाला गेला. साडेनऊला उठायला लागला तर महाशय म्हणाले, "आत्ता नको. ती बोलायला लागलीय. आत्ता तिला थांबवता यायचं नाही." ती म्हणजे नायिका. ती आणखी चाळीस मिनिटं बोलली. हा पोचला तेव्हा कॉटवरची चादर बदललेली होती. नर्सनं हातात पिशवी दिली. लोकर, दोन सुया, अर्धी बाही. ती अर्धी बाही त्यानं सुयांसकट तिच्याबरोबरच दिली. तिच्याबरोबर ती जळून गेली. हे लक्षात ठेवा.

कादंबरीची मुद्रितं माझ्याकडे आली. पान एकसष्ट. मी पेन्सिलीनं समासात लिहिलं, 'ड्रायव्हरची बायको अजून बाकावरच आहे?' ही आमची पद्धत. काही राहिलं असेल तर समासात विचारायचं, लेखकानं उत्तर द्यायचं. महाशयांनी माझ्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं, 'वाचक विचारत नाही.' खरंच कुणी विचारलं नाही. एप्रिलमध्ये पुस्तक आलं, गाजलं. मीही गप्प बसलो. छत्तीस वर्षं गप्प बसायचीच सवय.

टायपिस्टनं मात्र एकदा धीर करून विचारलं. "सर, एक ओळ घालू या का? ड्रायव्हर परत जातो, एवढीच."

महाशय हसले. "अरे, पात्रावर जबरदस्ती करता येत नाही. त्याला परत जायचं नाहीये. मी काय करू?"

"त्याला जायचंय, सर."

"तुला काय माहीत?"

हा काय सांगणार? बावीस वर्षं ज्या माणसाचं टाइप केलं, त्याला ते शब्दात सांगावं लागत असेल तर सांगून उपयोग नव्हता.

ती ओळ त्यानं स्वतःच टाइप केली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण याला लेखकाचा स्वल्पविराम हलवायचीसुद्धा भीती. आमच्या धंद्यात याला प्रामाणिकपणा म्हणतात. मीही तसलाच प्रामाणिक.

ऑक्टोबरात दुसऱ्या आवृत्तीचं काम निघालं. टायपिस्टनं संगणकात ती फाइल पुन्हा उघडली. एकोणीस नोव्हेंबरला शेवटची मुद्रितं तयार झाली. सकाळी सातला ती छापखान्यात जायची, आणि त्याआधी महाशयांची सही हवी. कागद मी नेणार होतो, पण मला ताप भरला. म्हणून टायपिस्ट गेला.

वाटेत मला फोन केला. म्हणाला, "आज शेवटचं विचारतो. आज राहिलं तर ती तिथंच राहील. तिला मी आलोच म्हणून सांगितलंय."

'ड्रायव्हरनं सांगितलंय' असं तो म्हणाला नाही. माझ्या ते लक्षात आलं. मी ताप आहे म्हणून फोन ठेवला.

पावणेअकरा वाजले होते. दुकानं बंद, कोपऱ्यावरचं औषधाचं तेवढं उघडं. तो जिना चढून वर गेला. पॅसेजमध्ये दिवा होता. बाक रिकामा. त्यानं नीट पाहिलं होतं, रिकामा. बाकाखाली पाण्यानं भरलेला पेला ठेवलेला.

ताईंनी दार उघडलं. त्याच्या खांद्यावरून बाकाकडे बघितलं.

"आज आल्या नाहीत वाटतं."

"कोण, ताई?"

"एक बाई येतात. महिना झाला. रात्री येऊन बसतात, काहीतरी विणत असतात. मी विचारलं, कोण हवंय, तर बोट वर केलं. मला वाटलं, असेल याची कुणी वाचक. असल्याच असतात त्या." ताई आत वळल्या. "पाणी ठेवते मी. पीत नाहीत. तुम्ही जा आत, तो जागाच आहे. मी पडते."

टायपिस्ट आत गेला. महाशय खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली. दोन्ही कानांत कापूस.

"बाहेर कोणी होतं?"

"नाही, सर."

"मग ऐक." त्यांनी कापूस काढला. "ऐक."

काहीच ऐकू येईना. घड्याळ. नळाचा एखादा थेंब. मग…

टिक. टिक. टिक-टिक.

धातूवर धातू. हलकेच. दाराबाहेरून.

"महिनाभर चाललंय," महाशय कुजबुजले. "दार उघडलं की कोणी नसतं. लावलं की पुन्हा सुरू. ताईला दिसते, मला दिसत नाही. कोण आहे ती?"

आता बघा. चाळीस वर्षं हा माणूस गावभर सांगत फिरला की माझी पात्रं जिवंत होतात. आणि एक खरोखर झाली, दोन जिने चढून दारात येऊन बसली, तर हा विचारतो, कोण आहे ती.

टायपिस्टनं कागद पुढे केले. "सर, पान एकसष्ट."

महाशयांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "ही कोण?"

"ड्रायव्हरची बायको."

"ड्रायव्हरला बायको होती?"

टायपिस्ट उठला. दाराशी गेला. दाराच्या भिंगाला डोळा लावला.

बाकावर बाई होती.

मान खाली. मांडीवर लोकर. सुया चालू. मांडीवरून बाही खाली आली होती. जमिनीवर. जमिनीवरून पुढे. जिन्यापर्यंत. पायऱ्यांवरून खाली… किती खाली, ते दिसत नव्हतं. विणायला बसवलं होतं. थांब म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

हात तिचे होते. त्याच्या बायकोचे. सुया धरायची पद्धत तिची.

तिनं मान वर केली.

चेहरा…

चेहरा नव्हता. कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसतं कोरं. चेहरा कुणी लिहिलाच नव्हता.

तिनं डावं बोट वर केलं. थांबा.

तो थांबला. श्वाससुद्धा… किती वेळ, त्याला सांगता आलं नाही.

मग तो मागे आला. कागद महाशयांसमोर ठेवले, पेन हातात दिलं. "लिहा, सर. तो परत येतो."

 महाशयांनी लिहिलं काय? 'काळाच्या अथांग प्रवाहाकाठी प्रतीक्षा हेच जिचं प्राक्तन…'

टिक-टिक-टिक-टिक.

"खोडा," टायपिस्ट म्हणाला.

त्यांनी खोडलं. पुन्हा लिहिलं. 'वियोगाच्या धुक्यातून एक सावली…'

आवाज वाढला. आता तो दाराबाहेर नव्हता. दाराच्या अलीकडे होता. बाहेरच्या खोलीत. मग पडद्यामागे.

पडदा हलत नव्हता.

महाशयांनी पेन टाकलं. "ती माझं ऐकत नाही," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा खरं निघालं.

टायपिस्टनं पेन उचललं. बावीस वर्षांत पहिल्यांदा लेखकाच्या कागदावर आपल्या हातानं लिहिलं. छोट्या, सरळ अक्षरात.

'ड्रायव्हर परत आला. "उशीर झाला," म्हणाला. तिनं ओळ पुरी केली, बोट खाली घेतलं आणि म्हणाली, "हं, चला."'

टिक.

मग काही नाही.

घड्याळ. नळाचा थेंब. साडेअकरा.

त्यानं कागद महाशयांपुढे सरकवला. "सही," म्हणाला. महाशयांनी न वाचता सही केली. मग यानं जाऊन दार उघडलं. बाक रिकामा. पेलाही. आणि बाकावरून जिन्याकडे गेलेली…

पण ते शेवटी सांगतो.

सकाळी छापखान्यात जाण्याआधी कागद माझ्याकडे आले. पान एकसष्टवर परक्या अक्षरातल्या ओळी. नियम असा की अशी ओळ दिसली तर समासात खूण करून लेखकाला विचारायचं. मी पेन्सिल उचलली. पुन्हा ठेवली. माझ्या छत्तीस वर्षांतली ही एकच चूक, आणि ती जाणूनबुजून केलेली.

डिसेंबरात महाशयांचं भाषण होतं. गुळगुळीत दाढी, नवा कोट. म्हणाले, "दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी माझा ड्रायव्हर हट्टालाच पेटला. म्हणाला, मला परत जाऊ द्या. मी कोण त्याला अडवणारा?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पुढचं वाक्य ते विसरले. टायपिस्ट पहिल्या रांगेत बसला होता. त्यानं ओठ हलवले नाहीत.

मी थांबलो.  गॅलरीसमोरच्या इमारतीतला एक दिवा विझला.

"काका," पुतणी हळूच म्हणाली, "माझ्या एका गोष्टीत एक म्हातारा आहे. लिफ्ट बंद पडते, तो आत अडकतो. मग मी त्याच्या नातीची गोष्ट लिहायला लागले."

"कधीपासून आहे तो आत?"

"मार्चपासून."

एरवी हसलो असतो. दाढीवाला आपल्या चपलांकडे बघत होता. त्यालाही कुणीतरी आठवलं असावं.

"पण ती होती कोण?" त्यानं शेवटी विचारलं. "पुस्तकातली बाई, की त्याची बायको?"

मीही हेच विचारलं होतं. टायपिस्टच्या घरी, त्याच आठवड्यात. त्यानं ती बाही जिन्यावरून गोळा करून घरी आणली होती. मला दाखवायला उलगडली. कॉटपासून स्वयंपाकघर, तिथून मागचं दार, मागच्या दारापासून पुन्हा कॉट. अकरा महिन्यांची बाही. करड्या लोकरीची, एकसारखी. शेवटचे टाके नीट बंद केलेले. सुया नव्हत्या.

माझा प्रश्न त्यानं ऐकला.  बाहीचं सुरुवातीचं टोक, मनगटाकडचं, शोधून काढलं आणि माझ्या हातात दिलं. माझं बोट धरून ओळी मोजल्या. नवव्या ओळीवर थांबला. सगळे टाके सुलट. मध्ये एकच उलटा पडलेला.

"तिनं बोट वर केलं होतं," तो म्हणाला. "तरी मी बोललो. त्यामुळे चुकला. उसवला नाही तिनं. म्हणाली, राहू दे, हा तुमचा टाका."

"हे तू सरांना सांगितलं होतंस?"

"कुणालाच नाही."